आखूड हातांची फेक

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ताईने अंगावरचं पांघरूण ओढलं. मी म्हटलं, अगं आज रविवार आहे. ती म्हणाली, "तुझे हल्ली सगळेच वार रविवार झालेत. ऊठ."

खरं आहे. तिच्याकडे राहायला आल्यापासून मी कामावर जाते, येते आणि पडते. पडद्यांच्या दुकानातलं मापं घेण्याचं काम. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, त्याला डोकं लागत नाही. डोकं सगळं एकाच वाक्याला चिकटलंय. नवरा म्हणाला होता, "मला एकटं राहायचंय." भांडण नाही, तक्रार नाही, दुसरी कुणी नाही. एकटं. म्हणजे माझ्यापेक्षा त्याला रिकामी खोली परवडली. मध्ये एखादी बाई असती तर निदान तिच्या नावाने बोटं तरी मोडली असती.

तर ताई मला तिच्या त्या मैदानावर घेऊन गेली. शहराच्या कडेला झाडीचा उतार आहे. तिथे जागोजागी लोखंडी खांब रोवलेत आणि प्रत्येक खांबाला साखळ्या लटकवलेली एकेक टोपली. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. याला डिस्क गोल्फ म्हणतात. ताई कित्येक वर्षं खेळतेय. मी यापूर्वी एकदाच आले होते आणि झाडाखाली बसून शेंगदाणे खाल्ले होते.

ताई म्हणजे ताडमाड. वडिलांची उंची, वडिलांचे हात. ती हात मागे नेते तेव्हा तो संपतच नाही. मग खांदा, कोपर, मनगट असं एकामागून एक सुटत जातं आणि तबकडी झाडांच्या डोक्यावरून निघून जाते. मी आईवर गेले. आखूड, गोल, आणि पुढून भरगच्च. ताई मला लहानपणापासून "चेंडू" म्हणते.

चेंडूने फेकली. तबकडी माझ्याच छातीला अडली आणि माझ्याच पायावर पडली. अंगठा सुजलाय.

११ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. ताई म्हणाली, "हात पूर्ण मागे ने."

"हा पूर्णच आहे."

"हा? एवढाच?"

"आईने एवढाच दिलाय."

ताई खाली बसून हसली. मग मीही हसले. किती तरी दिवसांनी आपलंच हसू ऐकलं, जरा किरटं वाटलं.

ताईसारखं धावत जाऊन, पाय एकमेकांवरून टाकत फेकायचा प्रयत्न केला. दोनदा पायात पाय अडकून पडले. परत येताना वाटलं, आपलं अंगच चुकीचं आहे. मग वाटलं, त्यालाही हेच वाटलं असेल. लिहिताना कळतंय की मूर्खपणा आहे, पण वाटलं तर खरं.

२५ फेब्रुवारी

मैदानावर एक बेकरीवाले येतात. माझ्याएवढेच उंच, म्हणजे माझ्याएवढेच बुटके, आणि पोट माझ्याहून पुढे. त्यांनी फेकलेली तबकडी आज ताईच्या तबकडीजवळ जाऊन पडली. मी आ वासून बघत राहिले. ते जवळ येऊन म्हणाले, "राग मानू नका बाई, पण तुम्ही तुमच्या ताईंची फेक फेकताय. ती त्यांच्या मापाची आहे."

मग त्यांनी मला उभं कसं राहायचं ते दाखवलं. पाय जरा फाकून, गुडघे सैल. धावायचं नाही, एकच पाऊल टाकायचं. पाठ टोपलीकडे. कमरेतून थोडं पुढे वाकायचं, म्हणजे तबकडी पोटासमोरून सरळ ओढता येते आणि वर अडत नाही. (हे सांगताना बिचाऱ्यांचे कान लाल झाले.) आणि हात विसरायचा. "हात म्हणजे दोरी समजा. ओढणारं इंजिन खाली आहे. आधी कंबर फिरते, मग खांदा, हात आपोआप येतो. उंच माणसाला वेळ मिळतो, आपल्याला नाही. आपण उशिरा सुरुवात करायची आणि झटकन संपवायची."

मी म्हटलं, "कमरेला काही तोटा नाही." ते हसले आणि मग हसल्याबद्दल माफी मागितली.

ताई बाकावर बसून बघत होती. हल्ली ती बरीच बसते. म्हणाली, "शीक त्यांच्याकडून. माझ्याकडून तुला ते यायचं नाही."

१० मार्च

जमलं! एकदाच, पण जमलं. कंबर फिरली, हात मागून आला आणि तबकडी माझ्या हातातून गेली हे मला गेल्यावर कळलं. कुणी तरी दुसऱ्याने फेकल्यासारखं वाटलं. पाठोपाठच्या फेकी सगळ्या झुडपात गेल्या. हरकत नाही.

ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. काल घरी एक फ्रेम घेऊन आली होती, टेबलावर काम करत होती. तो मुंगीएवढा स्क्रू तिच्या चिमटीतून पडला. शोधून दिला, पुन्हा पडला. मी म्हटलं, "चष्मा तुलाच लागलाय." ती म्हणाली, "असेल." मग फ्रेम तशीच ठेवून दिली.

७ एप्रिल

आज लिहायलाच हवं. आज माझी तबकडी ताईच्या पुढे गेली.

पाचव्या टोपलीला. ताईने फेकली, मग मी. चालत गेलो तर आधी लाल सापडली, ती ताईची. माझी पिवळी तिच्या पुढे. मी उभ्या उभ्या नाचले. जन्मात एकदा ताईच्या पुढे काही तरी गेलं. शाळेत भालाफेकीत तिचं नाव फळ्यावर, माझं नाव उशिरा येणाऱ्यांच्या यादीत. बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाताना पिशवीत गरम पाव कोंबले.

ताईचं लक्ष नव्हतं खेळात. मुळावर पाय अडखळून दोनदा धडपडली. तिचा उजवा बूट पुढून घासलाय, तो फेकून दे म्हटलं तर म्हणते नवाच आहे. कसला नवा! शिवाय हल्ली ती हलकी तबकडी वापरते, पोरासोरांची असते तसली. मी चिडवलं, "म्हातारी झालीस." ती म्हणाली, "हो गं, झालेच."

रात्री पडल्या पडल्या त्याची आठवण आली नाही. आली नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि मग आली.

२१ मे

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुकानाने एका घराचा पत्ता दिला, तीन खोल्यांचे पडदे. नवीन इमारत, रंगाचा वास. दार एका बाईने उघडलं. बारीक, उंच, डोक्याला रुमाल बांधलेला. मी खिडकी मोजायला स्टुलावर चढले आणि आतल्या खोलीतून तो आला, हातात हातोडी. माझा नवरा. मी स्टुलावर, हातात टेप. तिने विचारलं, "काय रे, निळा की राखाडी?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठलाही."

मी तिन्ही खोल्या मोजल्या. एकही माप चुकलं नाही. जाताना "कापड आठवड्यात येईल" असं म्हणाले. जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. एकटं राहायचं होतं! निळा की राखाडी!

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ओरडून, रडून, पुन्हा पहिल्यापासून. ताईने चहा केला होता. ऐकता ऐकता तिच्या हातातून कप सुटला, फुटला, चहा सगळ्या फरशीभर. मग तिला ठसकाच लागला, थांबेना, चेहरा जांभळा झाला. तिलाही धक्का बसला असणार. माझ्यासाठी कुणाला तरी एवढं वाटतं हे बघून बरं वाटलं. फरशी मी पुसली. ताई म्हणाली, "दुसरा चहा तुझा तूच कर. आज मला नको सांगूस."

२६ मे

मैदानावर गेले नाही. ताईनेही आग्रह केला नाही, तिला दुकानाच्या कामाने कुठे तरी जायचं होतं. रविवारी कसलं दुकान? पण विचारलं नाही, मी माझ्यातच होते.

१६ जून

ताईने आज मला पहिल्या टोपलीजवळच्या बाकावर बसवलं. पिशवी उघडली नाही. म्हणाली, "चेंडू, माझा हात बघ."

उजवा हात पुढे केला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जिथे मांसाची गादी असते तिथे खड्डा. बोटं लावून बघितलं. नुसती कातडी.

"हे काय?"

"इथे मांस होतं."

मग तिने सांगितलं. तिच्या त्या नेहमीच्या आवाजात, एखाद्या गिऱ्हाइकाला भिंगाचा नंबर सांगावा तसं. नसांचा आजार आहे. मेंदू हुकूम सोडतो, तो स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि स्नायू वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहतं. औषध नाही. काहींना बरीच वर्षं मिळतात, पण डॉक्टरांच्या मते हिचा घाईचा आहे.

मी विचारलं, "कधी कळलं?"

"जानेवारीत."

"म्हणजे मी राहायला आले तेव्हा..."

"तू आलीस त्याच आठवड्यात."

"आणि तू मला अंथरुणातून ओढून इथे आणत होतीस? मला? माझ्या त्या फालतू..."

"फालतू नव्हतं गं. तू उठतच नव्हतीस. मला वाटलं, मी आहे तोवर हिला हिच्या पायावर उभं राहता यावं." मग ती हसली. "शिवाय पुढे मला उचलायला कुणी तरी दणकट लागणारच होतं."

मी उठून तिची पिशवी लाथाडली. तबकड्या उतारावरून गडगडत गेल्या. मग एकेक वेचून आणल्या.

स्क्रू. बूट. कप. प्रत्येक वेळी मी हसले तरी होते किंवा रडले तरी होते, आणि दोन्ही वेळा स्वतःसाठीच.

२३ जून

ताई म्हणाली, "मला नवं अंग आलंय. त्याची फेक मला येत नाही. तू शिकव."

मला वाटलं थट्टा करतेय. नव्हती करत. "तू तुझ्या अंगाची शोधलीस ना? मग आता माझ्या ह्या अंगाची शोधू. आहे तोवर."

बेकरीवाल्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "पायात जोर नाही, तर बसून फेकायची. स्टूल आणतो."

७ जुलै

स्टुलावर बसून. पाय नाहीत म्हणजे कंबर नाही, कंबर नाही म्हणजे माझं सगळं शिक्षण फुकट. बेकरीवाले आणि मी दोघं स्टुलावर बसून फेकून बघत होतो, काय होतं ते कळायला. बसल्यावर धडच तेवढं फिरतं. पण ताईचा हात लांब आहे, तो अजून लांबच आहे. आम्ही तिला सांगितलं, "तुझा हात वापर, फक्त जोर लावू नकोस, नुसता झुलू दे." तिने झुलवला. तबकडी हवेत छान तरंगली आणि पहिल्या झाडापाशी उतरली.

पूर्वी तिथवर तिची नुसती सावलीच पोचायची. पण ताई खूश झाली. खरोखर खूश झाली, मला तिची खोटी खुशी ओळखता येते.

४ ऑगस्ट

ताईचा अंगठा आता दाबत नाही. मी पडद्याच्या कापडाची एक चिंचोळी वादी शिवली, तबकडी बोटांना धरून राहील आणि फेकताना सुटेल अशी. पहिल्या फेकीला सुटलीच नाही. तबकडी हातासकट फिरून ताईच्या कानावर बसली. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मग मी घाबरले. आता तिच्या हसण्याचीही भीती वाटते.

दुसरी वादी जरा सैल शिवली. ती चालली.

२५ ऑगस्ट

वादी चालत नाही. हात वर येत नाही. डाव्या हाताने सुरुवात केली.

चष्म्याचं दुकान ताईने सोडलं. मालकाने तिला एक लहान स्क्रूड्रायव्हर दिला, तिचाच, मूठ झिजलेली. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पडद्याच्या दांड्या बसवायला होईल."

८ सप्टेंबर

आम्ही एक फेक बसवतो, तोवर अंग पुढे निघून जातं. डाव्याची बसवली, डावा गेला. मी बेकरीवाल्यांवर ओरडले, तुम्ही उशिरा सांगता म्हणून. त्यांची काय चूक? ते म्हणाले, "ओरडा बाई, मला ओरडा. त्यांना नको." मग मी त्यांच्या पिठाच्या सदऱ्यावर डोकं टेकून रडले. माझ्या केसांत पीठ लागलं होतं, ते घरी ताईनेच दाखवलं. काही विचारलं नाही, नुसतं बघून हसली. काय हसण्यासारखं होतं कोण जाणे.

२२ सप्टेंबर

आज मी एक गोष्ट केली ती करायला नको होती. ताईची चाकांची खुर्ची उताराच्या टोकाला नेली, खुर्चीमागे उभी राहिले, ताईच्या हातात तबकडी दिली, वरून माझा हात धरला आणि दोघींनी मिळून फेकली. गेली थोडी. मी टाळ्या वाजवल्या. "बघ, गेली ना!"

ताई म्हणाली, "ही माझी नाही. तू फेकलीस."

"दोघींनी."

"चेंडू, मला खोटं खोटं खेळवू नकोस. बाळाच्या हातात चमचा देतात तसं." आवाज जड झालाय तिचा, शब्द एकमेकांना चिकटतात, पण हे स्पष्ट बोलली. "माझं फेकणं संपलं. संपलं असं म्हणू दे मला."

वाऱ्याने तिच्या तोंडावर केस येत होते, ते तिला बाजूला करता येत नव्हते. मी केले.

मग म्हणाली, "आता तू फेक. मी बघते."

मी फेकली. मागून आवाज आला, "कोपर!" फेकली. "घाई!" फेकली. "मान वर, चेंडू!" अंधार पडू लागेपर्यंत ती मला ओरडत होती. आयुष्यात तिने मला एवढं कधी शिकवलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

बोलणं गेलं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. बाकीचं मला अक्षरं म्हणत जावं लागतं, हवं ते आलं की ती मिटते. आज सकाळी असं करत करत एक वाक्य झालं: "तुझ्या घामाचा वास येतो." एवढ्यासाठी मी अर्धा तास मुळाक्षरं घोकली.

बेकरीवाले रोज पाव आणतात, दुधात भिजवून खिमट करून देता येतो. काल त्यांनी खालच्या मजल्यावर रिकाम्या झालेल्या खोल्यांबद्दल घरमालकाशी परस्पर बोलून घेतलं. जिना नको म्हणून. फार कामाचा माणूस आहे.

१ डिसेंबर

खालच्या मजल्यावर आलो. आज दुपारी दार वाजलं, उघडलं तर तो. माझा नवरा, अजून कागदावर आहेच. कुणाकडून तरी ताईचं कळलं. हातात फळं. दारात उभा राहून म्हणाला, "मला तुला काही सांगायचंय. त्या घराबद्दल. तेव्हा मी खरं बोललो नव्हतो."

मी ताईला आंघोळीच्या खुर्चीवरून पलंगावर घेत होते, अर्ध्यात सोडून आले होते. म्हटलं, "ते राहू दे. आलाच आहेस तर पायांकडून धर."

त्याने धरले. ताईला नीट पलंगावर ठेवलं. मग तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता. ताई एवढी हलकी झालीय, हे त्याला उचलल्यावर कळलं असणार. गेला तेव्हा मी दार लावलं आणि उशी सारखी करायला वळले. त्याला जे सांगायचं होतं ते राहिलंच. आठवण झाली ती आत्ता, भांडी घासून झाल्यावर.

१९ जानेवारी

मैदानावरची वार्षिक स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. मागच्या वर्षी ताईने आमच्या दोघींची जोडी लावायची म्हटलं होतं. मी म्हटलं, मी जाणार नाही, तुला सोडून कुठेही नाही. ताईने दोनदा डोळे मिटले. मी म्हटलं, "हो, नाहीच." पुन्हा दोनदा. मग अक्षरं सुरू केली. झालेलं वाक्य: "जा आणि सगळं सांग."

१६ फेब्रुवारी

स्पर्धा झाली. शेजारच्या काकू ताईजवळ बसल्या होत्या. मी शेवटून दुसरी आले. शेवटचा होता तो पाय मुरगळून मध्येच घरी गेला.

आल्या आल्या बूटही न काढता ताईच्या पलंगाशी बसले आणि सांगायला लागले. पहिल्या टोपलीपासून. कुठे उभी राहिले, वारा कुठून होता, तबकडी कशी गेली. ताई डोळे उघडे ठेवून ऐकत होती. चौथ्या टोपलीला मी जरा वाढवून सांगितलं, साखळीला लागून आत पडली असं, तर तिने लगेच दोनदा डोळे मिटले. म्हटलं, "बरं बाई, लागून बाहेर पडली." एकदा मिटले. ओठाचा कोपरा हलला.

एकेक करत सांगत गेले. सातव्याला ढोपर फुटलं, अकराव्याला बेकरीवाल्यांची तबकडी झाडात अडकली आणि ते झाड हलवत बसले. शेवटची टोपली मी मुद्दाम राखून ठेवली होती. ती सगळ्यात छान होती. पण ताईचे डोळे मिटायला लागले, हो म्हणून नव्हे, थकून. छाती फार वरखाली होत होती. म्हटलं, "राहू दे, शेवटची उद्या सांगते. चांगली आहे, जपून ठेवते." तिने एकदा मिटले.

१८ फेब्रुवारी

काल सकाळपासून ताप. छातीत घरघर. डॉक्टर घरी आले, ताईला स्वतःला विचारलं, दवाखान्यात न्यायचं का. तिने दोनदा मिटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिने सांगितलं ना."

२० फेब्रुवारी

सकाळी ताई गेली. मी हात धरून होते. उजवा.

१५ मार्च

आज एकटी मैदानावर गेले. बेकरीवाले येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं, पुढच्या वेळी या. बाकावर बसले. कुणी नव्हतं. फेकली नाही, पिशवीही नेली नव्हती.

ताई, तुला शेवटची टोपली सांगायची राहिली. उद्या सांगते म्हटलं आणि दुसरा दिवस तुझ्या छातीला शेक देण्यात गेला. तू एवढी आजारी होतीस आणि तेव्हा तबकडीचं काय सांगू, असं वाटलं. सांगायला हवं होतं. तू ऐकलं असतंस.

तर ऐक. शेवटची म्हणजे ती लांब, उतारावरची, दोन मोठ्या झाडांमधून जाते ती. तू ती नेहमी झाडांवरून न्यायचीस. सगळे उंच लोक वरूनच नेतात. माझ्या पुढचा पोरगेला खेळाडू वरून न्यायला गेला आणि वाऱ्याने त्याची मागे आणली. माझ्या हाताला वरचं झेपत नाही हे तुला माहीत आहे. मी खालून गेले. पाय फाकले, वाकले, पाठ केली. एक पाऊल. थांबले, उशिरापर्यंत थांबले, आणि मग कंबर सोडली.

खाली खाली गेली गं. गवताच्या जरा वरून, दोन्ही झाडांच्या बरोबर मधून, कशालाही न शिवता. पुढे जमिनीला टेकली, घसरली, घसरत घसरत टोपलीपाशी जाऊन थांबली. मागची सगळी माणसं ओरडली. बेकरीवाल्यांनी टोपी उडवली, ती ओल्या गवतात पडली आणि ते ती उचलायचं विसरून टाळ्या वाजवत राहिले.

मी चालत गेले. टोपली इतकी जवळ होती की वाकून हाताने ठेवावी. सगळे बघत होते. मी टाकली, ती कडेला लागली आणि बाहेर पडली.

हो, एवढ्या जवळून. कुणी तरी "अरेरे" म्हणालं. मला हसू आलं. मग उचलली आणि परत टाकली. गेली.

एवढंच झालं, ताई.